मुथेऊ बेपत्ता आहे

मंगळवार, ५ मार्च

आज चौथा दिवस. मुथेऊचा पत्ता नाही.

दोष माझा. इथे तरी खरं लिहिते. तिच्या फोनवर वर्गातल्या कुणा मुलाचे मेसेज सापडले आणि शनिवारी सलूनमध्ये मी ते गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचले. आवाज काढून काढून! खुर्चीतली बाई इतकी हसली की अर्धी वेणी माझ्या हातातून सुटली. मुथेऊ दारात उभी होती. फोन माझ्याच हातात राहिला आणि ती निघून गेली — शाळेच्या हिरव्या स्वेटरवर.

वाटलं, भूक लागली की येईल.

आईला कळवलेलं नाही. ती रियाधमध्ये दुसऱ्याची मुलं वाढवतेय. तिची धाकटी पोर मला सांभाळता आली नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू?

बुधवार, ६ मार्च

पोलीस ठाण्यात गेले. इन्स्पेक्टर चहात तळलेली मांदाझी बुडवून खात होता.

"वय?"

"पंधरा."

"मग कुणातरी पोराबरोबर असेल. पोट वाढलं की येईल परत."

बाकावरचे शिपाई हसले. मी वहीत नाव लिहून घ्या म्हणत राहिले. "पुढच्या आठवड्यात ये," म्हणाला. तोंड पुसलं आणि मागच्या माणसाला बोलावलं.

गुरुवार, ७ मार्च

तिचा फोटो टाकला. "माझी बहीण मुथेऊ शनिवारपासून बेपत्ता आहे. कायोले वस्तीतून गेली. कुणाला दिसली तर कळवा."

अकरा जणांनी पुढे पाठवला. त्यातले नऊ सलूनमधले.

आणि आजच लॅव्हिंग्टनची ती मुलगी! बंगल्यातली, घोड्यावर बसायला शिकणारी. परवा गेली, आज टीव्हीवर. तिची आई रडली, निवेदिकाही रडली. तिच्या कुत्र्याची तेवढी मुलाखत घ्यायची राहिली. संध्याकाळी मैत्रिणीच्या घरी सापडली.

सापडली ते बरंच झालं. तिचा काय दोष? पण मी टीव्ही बंद केला.

शनिवार, ९ मार्च

आवुओर माझ्या शेजारच्या खुर्चीवर केस करते. आज माझी पोस्ट वाचून तिने कंगवाच खाली ठेवला.

"अगं कालोंडू, 'निघून गेली' असं लिहिल्यावर कोण वाचणार? निघून तर सगळ्यांच्याच पोरी जातात. ओढून नेली म्हण."

"कुणी ओढून नेली?"

"दोन माणसांनी. गाडीत घालून. पांढऱ्या गाडीत म्हण. पांढरी गाडी सगळ्यांनी पाहिलेली असते."

मी नाही म्हटलं. मग दुपारभर एका बाईच्या बारीक वेण्या घातल्या आणि डोक्यात तेच — आठ दिवस, अकरा माणसं. आठ दिवस, अकरा माणसं.

चार वाजता लिहिलं. दोन माणसं. पांढरी गाडी. जंक्शनजवळ. "पाहणाऱ्यांनी सांगितलं," असंही लिहिलं. खाली माझा नंबर.

रविवार, १० मार्च

सकाळी चारशे. प्रार्थना संपेपर्यंत नऊ हजार. आता मोजणं सोडलंय!

सोमवार, ११ मार्च

तोच इन्स्पेक्टर घरी आला. आमच्या मोडक्या स्टुलावर बसला, टोपी मांडीवर. "ताई, मुथेऊ आमचीच लेक." मागे कॅमेरा होता.

त्याला पाणी दिलं. ओतता ओतता गाडीची गोष्ट पुन्हा सांगितली. माझी मलाच भीती वाटली.

फोन थांबत नाही. कुणी म्हणतं किसुमूत दिसली, कुणी म्हणतं मोम्बासाच्या बोटीत. एकाने विचारलं, "बहीण एवढी देखणी, मग तू कशी आहेस?" एक जण नुसताच श्वास घेत राहिला.

मंगळवार, १२ मार्च

कोपऱ्यावर भाजी विकणारी नझूला आज रेडिओवर बोलली. तिनेही गाडी पाहिली म्हणे! दोन माणसं होती, एकाच्या डोक्यावर टोपी, पोर किंचाळत होती.

तिच्याकडे गेले. "नझूला, खरं सांग. तू पाहिलंस?"

"या डोळ्यांनी," म्हणाली आणि रडायलाच लागली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती खोटं बोलत नव्हती. आता तिला ते खरंच दिसत होतं.

माझ्यापेक्षा तीच प्रामाणिक.

बुधवार, १३ मार्च

मोर्चा निघाला. सहाशे-सातशे माणसं, छातीवर मुथेऊ. शर्टावर फोटो ताणला गेलाय, पोटवाल्यांच्या अंगावर ती लठ्ठ दिसते. सगळ्यांच्या पुढे एक आमदारीणबाई. हिला आमच्या गल्लीचं नाव माहीत नव्हतं, मी सांगितलं.

मोटारसायकलवाल्यांनी रस्त्यावर पांढऱ्या गाड्या अडवायला सुरुवात केलीय. डिकी उघडून बघतात. एका म्हाताऱ्या पाद्र्याच्या कानाखाली मारली. मी आवुओरला म्हटलं, "मी लिहिते की गाडीचं नक्की नाही."

"आता?" ती म्हणाली. "आता लिहिलंस तर तुला मारतील. आणि उद्यापासून कोण शोधेल तिला?"

नाही लिहिलं.

आईचा फोन आला. तिच्या मालकिणीनेच तिला फोटो दाखवला. आधी ती नुसती रडली. मग म्हणाली, "गाडी कुणी पाहिली, कालोंडू?"

"लोकांनी."

"कुठल्या लोकांनी?"

आवाज तुटतोय असं सांगून मी फोन ठेवला.

गुरुवार, १४ मार्च

फोनचा आवाज बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला. शिव्या, श्वास, स्वप्नं पडलेले भविष्यवाले — पुरे झालं!

शुक्रवार, १५ मार्च

मुथेऊ आली!

जिवंत आहे. धड आहे. पलीकडे झोपलीय. वाळलीय, आणि हातांना भांडी घासण्याच्या राखेचा वास येतोय.

नीट लिहिते. साडेचारला ओरडा ऐकू आला. जंक्शनवर गाडी अडवली होती — पांढरी! आत मुथेऊ. पुढे एक माणूस, चाळिशीचा. मी पोचले तेव्हा त्याला बाहेर ओढलं होतं. गर्दीत फक्त पाय दिसत होते. एक बूट निघून पडला होता. मुथेऊ किंचाळत होती, बायकांनी तिला खांद्यावर उचलून माझ्या अंगावर आणून टाकलं. "घे तुझी बहीण!" सगळे गात होते. गाडी पेटवली.

पोलीस आले तेव्हा तो हलत नव्हता. नाव मोसेती. हॉस्पिटलात आहे, पलंगाला बेडी.

आणि मी काय विचार करत होते? पांढरी गाडी खरंच होती! मी खोटं लिहिलंच नव्हतं. कसं कोण जाणे, मला आधीच कळलं होतं.

दोन आठवड्यांत पहिल्यांदा मक्याच्या पिठाची उगाली पोटभर खाल्ली.

शनिवार, १६ मार्च

मुथेऊ सकाळी उठली ती बोलतच उठली.

"ताई, ते काका मला घरी आणत होते."

ती म्हणते, पळून एमालीपर्यंत गेली ट्रकमधून. हमरस्त्यावरच्या एका खानावळीत भांडी घासायची, तिथेच मागे झोपायची. काल मोसेती तिथे चहाला थांबला. तिच्याकडे दोनदा बघितलं. म्हणाला, "तू मुथेऊ ना? अख्खं शहर रडतंय तुझ्यासाठी, आणि तू इथे ताटं धुतेस?" आधी तिला चपाती खायला घातली, मग गाडीत बसवलं.

इन्स्पेक्टर ऐकून हसला. त्याच्याबरोबर आलेली समुपदेशनवाली बाईही हसली, मायेने. "पळवणारे असंच पढवतात, बाळा. भीती गेली की खरं आठवेल."

"मला खरंच आठवतंय!"

"हो हो, राजा."

काकांचा फोन तपासा, मुथेऊ म्हणाली. फोन गाडीत जळला. पोलिसांनी विचारलं तर खानावळवाली म्हणाली, अशी कुणी पोर आमच्याकडे नव्हतीच. पंधरा वर्षांची पोर कामाला ठेवली म्हणून सांगेल कोण?

मग मुथेऊ माझ्याकडे वळली. "ताई, तू सांग ना यांना. मी तर आपणहून गेले होते. तुला माहितीये."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "ती फार थकलीय."

रविवार, १७ मार्च

आम्हाला चर्चमध्ये पुढे बोलावलं. मुथेऊ वेदीजवळ खाली मान घालून उभी. लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की पाद्र्याला थांबवाव्या लागल्या. घरी तीन बायकांनी जेवण आणलं, एकीने अख्खी कोंबडी.

मुथेऊने हात लावला नाही. मी विचारलं, "अजून त्या मेसेजांचा राग आहे का?" तिने माझ्याकडे असं पाहिलं — जणू ते मेसेज दहा वर्षांपूर्वीचे.

मंगळवार, १९ मार्च

मोसेती आज सकाळी गेला.

बातमी रेडिओवर लागली, गाण्यानंतर. सलूनमध्ये कुणीतरी "बरं झालं" म्हणालं. आवुओर केर काढत राहिली, झाडलेलीच जागा पुन्हा. त्याच्या बायकोला चार वाक्यं बोलू दिली. किसी गावाकडचा हेल. "माझा नवरा औषधांची खोकी पोचवायचा. त्याला स्वतःच्या तीन मुली आहेत." मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणूनच!"

मुथेऊने ऐकलं. उठून संडासात गेली, तासभर बाहेर आली नाही.

बुधवार, २० मार्च

आईला फोन करायला म्हणून ड्रॉवरमधून फोन काढला. तीनशे बारा मेसेज. पुसत गेले.

शुक्रवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. त्याआधी त्याच नंबरवरून तीन कॉल.

"नमस्कार ताई. मी मोसेती, ड्रायव्हर. तुमची मुथेऊ मला एमालीला सापडली. सुखरूप आहे. जेवली, आता मागच्या सीटवर झोपलीय. तिला रागावू नका, घाबरलीय. चारच्या सुमारास पोचतो. तुमचं घर सापडलं नाही तर जंक्शनला थांबतो, तुम्ही या."

मुथेऊ मागून वाचत होती, मला कळलंच नाही. तिने चपला घातल्या. "चल. पोलीस ठाण्यात."

मी म्हटलं, उद्या जाऊ.

तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि एकटीच गेली.