नारिंगी बावटा

बोईसर, ५ जुलै २०२५

ती. वत्सलाताईस विजयाचा सा. न.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. सोबत तीन मीटर नारिंगी कापड आहे. हर्षित यंदा पहिल्यांदा तांडेल म्हणून बोट नेणार. लांबून दिसेल असा बावटा त्याला मावशीकडूनच हवा. सुती कापड भिजलं की काठीला चिकटतं. हे पॉलिस्टर, लगेच फडफडतं. आमच्या कारखान्यात झेंड्यांसाठी आलेल्या मालातून हा तागा बाजूला काढला होता. विणीत काही दोष असावा. साहेबांना विचारून घेतला. कडा दुहेरी दुमड, नाहीतर वाऱ्याने उसवेल.

लेकाला आणि तुला खूप माया,
विजया

सातपाटी, ३ ऑगस्ट

चि. विजयास अनेक आशीर्वाद.

बावटा शिवला. कडा दोनदा दुमडल्या, मास्तरीणबाई! एक तारखेला बोट गेली. हर्षितबरोबर त्याचा मित्र दर्पण आणि दोघं खलाशी हायत. दर्पणच्या आईनं, वर्षाराणीनं, बोटीला हळदकुंकू लावलं.

एक विचारायचं हाय. उरलेला तुकडा मी आठ दिवसांपूर्वी कावळे हाकायला कुंपणाला बांधला होता. आज बघते तर जुन्या धोतरासारखा पांढरा. पावसानं असं होतं काय गं? उगाच जिवाला लागलंय.

तुझी वाट बघणारी,
वत्सला

बोईसर, ६ ऑगस्ट

ती. ताई, नमस्कार.

शेजारच्या शैलेशच्या हाती हे पत्र देतेय. वाचल्याबरोबर त्याला घेऊन मच्छीमार सोसायटीत जा. मी आज रजिस्टर काढलं. दोष विणीत नव्हता, रंगात होता. उन्हापाण्यात टिकत नाही, असं त्या ताग्यापुढे स्पष्ट लिहिलंय. तपासणीच्या टेबलावर नऊ वर्षं बसते मी, आणि घरी कापड देताना पान उलटून बघितलं नाही. हर्षितचा फोन लागत नाही. वायरलेसवर सांगायला लाव, बावट्याच्या भरवशावर राहू नका म्हणावं. सगळे सुखरूप असतीलच. तरी जा.

रागव, पण उत्तर दे.
विजया

सातपाटी, १४ ऑगस्ट

चि. विजयास,

आठ दिवस पत्र लिहायला हात उचलला नाय. सोसायटीतून वायरलेसवर हाका मारल्या, उत्तर नाय. इंजिन चौथ्या दिवशीच बंद पडलं होतं, वायरलेसमध्ये पाणी गेलं होतं. हर्षित सांगतो, सातव्या दिवशी एक मोठी बोट लांबून चालली होती. लाटांचा फेस पांढरा, त्यात आपला बावटाही पांढरा. सगळे ओरडले, शर्ट हलवले. ती वळली नाय. तेव्हा दर्पणनं उडी घेतली, पोहत गाठतो म्हणाला. थोडा वेळ त्याचं डोकं दिसत होतं.

बाकी तिघांना दहा तारखेला डहाणूच्या बोटीनं ओढून आणलं. दर्पण अजून सापडला नाय.

वर्षाराणी रोज येते. एवढा भडक बावटा त्या लोकांना दिसला कसा नाय, हेच विचारते. हर्षित मान खाली घालतो. मी चहा ठेवायला आत जाते. बावट्याचा रंग उडाला होता, हे तिला सांगवत नाय.

तू ये. पण माझ्याकडं नंतर, आधी तिच्या घरी जा. मी तुझ्याबरोबर चालेन, बोलायचं मात्र तुलाच.

तुझीच ताई,
वत्सला