तळवे उघडे ठेवावेत

शनिवार, ५ एप्रिल २०२५, संध्याकाळी ७.४०

कपाटाच्या आरशासमोर उभा राहून तळवे उघडे ठेवण्याचा सराव करत होतो. आई मागून म्हणाली, "पाणी पाहिजे का रे?" तिला देहबोली कळत नाही.

उस्मानपुऱ्यातल्या देहबोलीच्या क्लासचा आज पहिला दिवस. गोकुळ सर म्हणाले, माणूस तोंडाने कमी आणि अंगाने जास्त बोलतो. ऐकून फार हलकं वाटलं. तोंडाने बोलायची वेळ आली की माझा घसा आवळतो. कॉलेजही तोंडी परीक्षेमुळे सोडलं. म्हणजे अगदी तसं नाही, इतरही कारणं होती.

महत्त्वाचं: पाय जिकडे, मन तिकडे. दुकानात माझ्यासमोरच्या टेबलावर मेघा बिलं करते. तिचे पाय दिवसभर माझ्याकडे असतात. माझ्या मागे कूलर आहे, पण त्याचा काही संबंध नसावा.

सोमवार, ७ एप्रिल

मामांनी फुलंब्रीचं स्थळ आणलं. मुलगी तनुजा, नर्सिंग झालेली. रविवारी बघायला जायचं. लग्न मला नकोच आहे, मेघाचाही विचार करायला हवा. पण वडिलांना तोंडावर नाही म्हणणं उद्धटपणाचं.

ठरवलं: एकही शब्द न बोलता नकार द्यायचा. हाताची घडी. मागे रेलून बसणं. नजर दुसरीकडे. पाय दाराकडे. समोरच्याला आपोआप समजतं, असं सर म्हणतात.

रविवार, १३ एप्रिल. फुलंब्रीहून परत.

खुर्च्या नव्हत्या. सतरंजी होती. मांडी घातल्यावर पाय दाराकडे कसे करायचे, हे अजून शिकवलेलं नाही.

हाताची घडी घातली, घट्ट. मामा मुलीच्या वडिलांना, काकासाहेबांना, म्हणाले, "बघा, शाळंतल्यावानी बसलंय. लई शिस्तीचं लेकरू." भिंतीला रेललो, तर कोणीतरी लगेच पाठीमागे लोड आणून ठेवला. मुलगी आली तेव्हा खिडकीबाहेर पाहिलं. आतून बायकांचा आवाज आला, "नजर बघा किती चांगलीय." पोह्यांना हात लावला नाही. "हावरट नाय," असं ठरलं.

शेवटी काकासाहेबांनी विचारलं, "मग सार्थकराव, तुमचं काय म्हणणं?"

मी दोन्ही तळवे पुढे उघडले. अर्थ स्वच्छ होता: माझा नाइलाज आहे, क्षमा असावी.

काकासाहेबांनी त्यात नारळ ठेवला. वर टॉवेल. वर टोपी. हात गुंतल्यामुळे पुढचा इशारा करता आला नाही. तेवढ्यात मामांनी सुपारी फोडली. सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं. येताना वडील गाडीत पूर्ण वेळ माझ्या खांद्यावर हात ठेवून बसले होते. असे ते कधी बसत नाहीत.

चूक माझी नाही. ग्रामीण भागात देहबोलीचा प्रसार झालेला नाही.

बुधवार, १६ एप्रिल

तनुजाचा फोन. सरळ विचारलं, "तुम्हाला लग्न नकोय ना? खिडकीकडं बघत होता तवाच कळलं मला."

हुशार मुलगी!

तिलाही नको आहे. सरकारी भरतीची परीक्षा द्यायची आहे, एक वर्ष हवं. तिने नाही म्हटलं तर घरात भडका उडेल, मुलाने म्हटलं की विषय संपतो. "एवढं कराल का? बस्त्याच्या आधी सांगा म्हंजे झालं."

मी अत्यंत ठामपणे मान हलवली. ती "हॅलो? ऐकताय ना? हॅलो?" करत राहिली. फोनवर मान दिसत नाही, हे नंतर सुचलं.

मंगळवार, २२ एप्रिल

वडिलांना संकेत देणं चालू. जेवताना गप्प, खांदे पाडलेले. वडील आईला म्हणाले, "जबाबदारी कळायला लागली पोराला."

कूलर गोदामाच्या दाराशी हलवला. मेघाचे पायही आता तिकडे. माझं ठरल्याचं दुःख तिला माझ्यासमोर दाखवायचं नसेल.

तनुजाचा मेसेज: सांगितलं का घरी? मी अंगठा पाठवला. अर्थ: मेसेज मिळाला. तिचं उत्तर आलं: लई उपकार झाले.

हे दुरुस्त करायला हवं. रविवारी, प्रत्यक्ष.

रविवार, २७ एप्रिल

बस्ता. लग्नाचे सगळे कपडे एका बैठकीत घ्यायचे म्हणून दोन्ही घरं कापडाच्या दुकानात. आज बोलायचंच ठरवून गेलो होतो. धीर यावा म्हणून सरांनी शिकवलेली विजयी मुद्रा घेतली: छाती फुगवलेली, हात दोन्ही बाजूंना. शिंपी मास्टरला तेच हवं होतं. "बस मियाँ, ऐसेच खडे रहो," म्हणत त्याने टेप गुंडाळला.

तनुजा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग सगळ्यांसमोर आपल्या वडिलांना म्हणाली, "आबा, बस्ता कशाला बांधताय? मला आत्ता लग्न नको. यांनाही नकोय. घरी सांगितलंय त्यांनी. विचारा."

साड्या उलगडणारा थांबला. वडील माझ्याकडे बघू लागले. काकासाहेब वळले, "व्हय का ओ?"

एक शब्द पुरला असता. टेप गळ्याभोवती होता. मी हसलो.

काकासाहेब तिला म्हणाले, "बघ. चारचौघांत एवढं बोललीस, तरी हसतोय. असा माणूस सापडंल का तुला?"

तनुजाने समोरची पहिली साडी उचलली. "हीच द्या," म्हणाली. उघडून पाहिलीही नाही.

तिचे पाय दाराकडे होते.

मंगळवार, ६ मे

लग्न शुक्रवारी. शेरवानी आली. ढगळ. मास्टर म्हणाला, "सीना फुला के नाप दिया तुमने. अब कपडा तो कट गया." मांडवात श्वास भरून उभं राहायचं, एवढाच उपाय.

घरी आरशासमोर श्वास भरून बघितलं. बरोबर बसते. तेवढ्यात तनुजाचा फोन. आवाज थकलेला. म्हणाली, "झालं ते झालं. पण लग्नानंतर मी परीक्षेला बसणार. तुमच्या घरी तेवढं तरी सांगाल का? व्हय का नाय, तोंडानं सांगा."

या वेळी मला खरंच बोलायचं होतं. पण बोलायला श्वास सोडावा लागतो. मी मान हलवली. आरशातल्यानेही हलवली.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग मी "हो" म्हणालो. शेरवानी खांद्यांवरून खाली आली.