मल्लव्वाच्या तोंडाकडे बघून

११ जानेवारी १९७८, बुधवार

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. दुकानाच्या माळ्यावर चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून उभा आहे. काही नाही! मग साखर ठेवली. तेही काही नाही. डोळे मिटून दोन्ही पुड्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा चाखले, तर कोणती कोणती ते सांगता येईना. एक लवकर विरघळते, एक उशिरा, एवढाच फरक.

मुदतीचा ताप उतरून दीड महिना झाला. अंगात ताकद आली, गळालेले केस परत आले. जीभ आली नाही. वासही नाही. डॉक्टर म्हणाले होते, "येईल हळूहळू." हळूहळू म्हणजे किती, हे विचारले नाही. विचारले तर म्हणतील का विचारतोस — आणि डॉक्टर मालकांच्या उठण्या-बसण्यातले.

ईश्वरप्पांच्या दुकानात माझे कामच जिभेचे. उखळातली प्रत्येक शेंगाचटणी आधी मी चाखायची. मी "चांगली" म्हटले की मालक चिमूट तोंडात टाकतात, "फस्क्लास" म्हणतात, आणि मगच ती बरणीत जाते. माझ्या आधी या कामावर बाळासो होता. तो तंबाखू खाऊ लागला आणि एकदा मीठ दुप्पट पडलेले त्याला कळले नाही. गिऱ्हाईक चटणी परत घेऊन आले. दुसऱ्या दिवशी बाळासोची वळकटी दुकानाच्या पायरीवर! तो माणूस पायरीवर बसून रडत होता, आणि मी त्याच्या बाजूने आत गेलो. माझा तो पहिला दिवस.

आता मी मल्लव्वाच्या तोंडाकडे बघून दिवस काढतो. ती चटणी कांडते. अंगठ्याला लागलेले चाटते. बरोबर असेल तर मान खाली घालून लगेच पुढचा घाव घालते. मीठ कमी असेल तर मुसळ हवेत थांबते. खवट दाणा असेल तर जिभेचे टोक ओठावर येते. तिला ठाऊक नाही मी बघतो ते. दीड महिना हे चालले आहे.

आणि आज मालक काय म्हणाले! पुण्याचे हिंदुराव शेट येणार, तीन दुकानांचे मालक. आपली चटणी आणि कडक भाकरी ठेवायची म्हणतात, पण आधी सगळे सोलापूर खाऊन बघणार. त्यांना फिरवायचे मी. मालकांनी तपकिरीची डबी बंद केली आणि बोट माझ्याकडे केले. "आमचा रामहरी फिरवील की. जीब न्हाय ती, सोनाराचा काटा हाय!"

बरणी पुसत राहिलो.

१२ जानेवारी, गुरुवार

हिंदुराव आले. जाडे, हसरे, पायात करकरणारे जोडे. टांग्यात बसल्या-बसल्या मला म्हणाले, "गड्या, एक गोष्ट. प्रत्येक ठिकाणी तू आधी खायचं आन मला सांगायचं काय कसं हाय. मग मी खाणार. काट्यावर आधी सोनं टाकत्यात!"

संपलो, असे वाटले. मी त्यांचे तोंड बघून बोलायचे ठरवले होते.

बाळीवेशीच्या खानावळीत ताट आले. कडक भाकरी, झुणका, शेंगाचटणी, दही, फोडलेला कांदा. ते हाताची घडी घालून माझ्याकडे बघत बसले. म्हटले, "शेट, पाहुण्याच्या आधी घास घ्यायची आमच्याकडं रीत न्हाय."

"मग तू उपाशीच मरशील की! मी एकदा बसलो की उठत न्हाय."

पण हसले, आणि त्यांनी घास घेतला. त्यांच्या भुवया वर गेल्या. मी लगेच, "झुणक्याला लसूण सढळ हाय, शेट." — "व्हय की!"

दुसऱ्या पदार्थाला ती युक्ती चालेना. भाकरी माझ्या हातात दिली. मोडली. कडक भाकरी खरी सुकलेली असली की काडी मोडल्यासारखी वाजते, ओल राहिली असली की आवाज बसका येतो. हे मला आजही कळते. म्हटले, "कालची न्हाय, परवाची हाय. अजून आठ दिस टिकंल."

खानावळवाल्याने मान डोलावली. हिंदुराव म्हणाले, "आयला, तू तर कानानं खातोस!"

पाणी पिण्याच्या निमित्ताने उठलो.

रात्री जेवलो नाही. जेवलो काय, न जेवलो काय. ओल्या पुठ्ठ्याचे घास.

१३ जानेवारी, शुक्रवार

आज मेलो होतो.

हिंदुरावांना साखर पेठेत तेलुगू विणकरांकडे नेले. संक्रांतीसाठी त्यांच्या बायका तांदळाच्या पिठाची तीळ घातलेली कडी तळतात. पीठ बोटाने पिळत पिळत गोल फिरवायचे, एकात एक तीन-चार वेटोळी, धोतरावर पसरायची आणि मग तेलात. हिंदुराव पुढच्या खोलीत मागाजवळ थांबले, धोटा कसा धावतो ते बघायला. घरच्या बाईने गरम कडे माझ्या हातावर ठेवले. "बगा, ओवा लागतोय का?"

तोंड बघायला कोणी नव्हते. तिचे तोंड तर प्रश्नाचेच. कढईजवळची सासूही माझ्याकडे बघू लागली. मी चावले. कुरकुरीत होते, एवढे दातांना कळले.

"लागतोय की. मस्त लागतोय."

"अय्यो! गंमत केली मी! ओवा घरात न्हाईच! घातलाच न्हाय मी!" आणि दोघी अशा हसल्या की सासूने झारा खाली ठेवला.

दारात हिंदुराव उभे! सगळे ऐकले होते त्यांनी. जवळ आले, माझ्या पाठीवर थाप मारली. "बाईमाणसाचं मन राखतोस व्हय रं? गुणाचा हाईस!"

देवाने वाचवले. की मूर्खपणाने? माहीत नाही.

संध्याकाळी मल्लव्वा पदर खोचून आली, उद्या येणार नाही म्हणाली. उद्या जत्रेत सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता, आणि तिचा भाऊ काठी धरणाऱ्यांत आहे. एवढी उंच मानाची काठी कमरेच्या पट्ट्यावर पेलायची, आणि बहिणीने बघायला नाही जायचे? मालक म्हणाले, "जा की. हितं रामहरी हाय."

जाताना, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसे, मला म्हणाली, "तम्मा, तोंड का रं असं? जत्रेत ये की, फिरून ये."

मल्लव्वा नाही म्हणजे मला डोळे नाहीत.

१४ जानेवारी, शनिवार

हिंदुराव उद्या रात्रीच्या गाडीने जाणार. मालक म्हणाले, दोन शेरांचा डबा आजच भर, पुण्याला घरी उघडून बायकोला चारणार आहेत, तिने हो म्हटले की तिन्ही दुकानांना माल. "मल्लव्वा न्हाय म्हनून काय झालं. तूच भाज, तूच कांड."

भिंतीकडच्या पोत्यातले दाणे घेतले. भाजले. साल फुटायला लागल्यावर उतरवले — हे डोळ्यांना कळते. कांडले. तेल सुटले की घाव चिकट वाजतो, हे कानांना कळते. मीठ, तिखट मल्लव्वाच्या वाटीने मोजून घेतले, लसणाच्या पाकळ्या तिच्या मुठीत मावतील तेवढ्या. मग चाखले.

पुठ्ठा.

मालक समोर उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हटले, "चांगली झालीय." त्यांनी चिमूट टाकली, क्षणभर थांबले. "फस्क्लास!"

डबा बंद करून, कडेने कागद चिकटवून, लॉजवर हिंदुरावांच्या हातात दिला. तिळगूळ दिला. बाहेर सगळा रस्ता पांढऱ्या बाराबंद्या घातलेल्या भक्तांनी भरला होता, काठ्या परत येत होत्या, लोक 'हर्र बोला हर्र' गर्जत होते. दोन दिवसांत पहिल्यांदा मला गर्दीत बरे वाटले. निभावले!

१५ जानेवारी, रविवार

पहाटे जाग आली ती अंगाला घाम येऊन. सोमवारी मल्लव्वा काय म्हणाली होती? "तम्मा, भिंतीकडचं पोतं मागल्या सालचं. खवट झालंय. हात लावू नको, घाण्याला द्यायचंय."

भिंतीकडचे पोते!

खाली उतरलो. पोते उघडले. दाणा चावला, दुसरा चावला, पाच-सहा चावले. पोत्यात तोंड घालून वास घेतला. काही नाही. पोते माझ्यासमोर उघडे आणि मी आंधळा. कोणाला विचारू? जो येईल त्याला "हे चाखून सांग" म्हणायचे — मग मी कशाला आहे इथे?

हिंदुरावांची बायको डबा उघडणार. पहिला घास. थुंकणार. मालकांचे तीस वर्षांचे नाव, आणि पायरीवर माझी वळकटी. करकंबला आईला काय सांगू, जिभेपायी काम गेले म्हणून? तिला वाटेल मी उलट बोललो.

लॉजवर धावलो. हिंदुराव नाहीत. विजापूर वेशीत खिचडा खायला एकटेच गेले होते — माझ्याशिवाय! तिथे गेलो तर पाटावर मांडी घालून बसलेले. मला दारात धापा टाकताना बघून भटारी ओरडला, "क्या भई, पीछे कुत्ता लगा क्या? बैठो, खिचडा ठंडा होरा!"

म्हटले, "शेट, डबा उघडला?"

"न्हाय बाबा. का?"

"झाकण सैल हाय. वाटेत तेल सांडंल. बदलून आणतो."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितले. मग लॉजची किल्ली काढून दिली. "गाडी साडेनवाला हाय. न्हाय जमलं तर मागनं पाठव. पळू नको एवढा, अजून आजाऱ्यागत दिसतोस."

डबा घेऊन दुकानात आलो. मालक गल्ल्यावर तपकीर ओढत होते. खोटे बोलायचे ठरवून आलो होतो, पण त्यांच्या समोर जीभ — ती हीच मेलेली जीभ — भलतेच बोलून गेली. "मालक, शेंग खवट हाय. पोतं चुकलं. माझी चूक."

त्यांनी डबा उघडला. चिमूट घेतली. तोंडात टाकली, चघळली, माझ्या तोंडाकडे बघत. माझे तोंड कसे झाले असेल ते मलाच ठाऊक.

"थू! थू!" ते उठून पायरीवर थुंकले. चूळ भरली. "जहर रं, जहर! घसा धरला! हे पुण्याला जानार हुतं? आब्रू गेली असती माजी!"

मी पायरीवर पाणी ओतले.

"उद्या मल्लव्वा येऊ दे. मग बघतो तुझं."

माळ्यावर येऊन वळकटी मीच बांधून ठेवली. निदान पायरीवर फेकलेली तरी नको. हिंदुराव डब्याशिवाय गेले.

१६ जानेवारी, सोमवार

मल्लव्वा आली. डबा उखळाजवळ उघडा पडला होता. मी काही म्हणायच्या आत तिने भाकरीचा तुकडा मोडून भरभरून चटणी लावली आणि खाल्ली. मान खाली. दुसरा तुकडा. पुन्हा मान खाली.

मालक गल्ल्यावरून म्हणाले, "थुक ते! खवट हाय!"

"कोन म्हनलं?" ती म्हणाली. "चांगली हाय की. नवी शेंग हाय, मालक. खवट पोतं मी शुक्रवारीच निंगप्पाच्या घाण्याला दिलं. दाराकडं ओल येत हुती म्हनून नवं पोतं भिंतीला सरकवलं. लसूण लई बरोबर पडलाय रं, तम्मा."

तिसरा तुकडा मोडल्याचा आवाज आला.

शनिवारी फस्क्लास. रविवारी जहर. तोच डबा! मी मालकांकडे बघितले. ते माझ्याकडेच बघत होते, तसेच, जसे रोज चिमूट टाकताना बघतात. मी समजत होतो ते मला जोखतात. त्यांची जीभ किती वर्षांपूर्वी गेली असेल?

त्यांनी तपकिरीची डबी उघडली, पुन्हा मिटली, खिशात घातली. "रामहरी, वळकटी सोड. डबा पुण्याला लाव आजच. आन फिरवल्याचा हिशेब लिही."

लिहिला तो असा:

मालकांनी दिले — रु. २५.००
खानावळ, दोघे — ६.००
टांगा, तीन दिवस — ९.७५
डबा पार्सल, पुणे — ३.७५
शिल्लक परत — ५.५०
देणे — मल्लव्वाला एक लुगडे, इरकली.

शेवटची ओळ मालकांनी सांगितली. "निम्मं माझं, निम्मं तुझ्या पगारातनं," म्हणाले. कशाबद्दल, ते त्यांनी सांगितले नाही. मी लिहिले.