तळघरातली म्हातारी

६ मार्च
लेकीचं लग्न ठरतंय. भावी व्याही लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्याकडे ‘काळं घर’ या जुन्या भुताच्या गेमचं मूळ मशीन आहे, नाणं टाकून खेळायचं. मी फोनवर सांगून टाकलं, हा गेम मी लहानपणी डोळे मिटून संपवायचो. रविवारी खेळायला बोलावलंय. लेकीनं कपाळावर हात मारला. उगाच.

७ मार्च
माळ्यावरून जुना कन्सोल काढला. मी खेळलोय ती याच्यावरची कॅसेट. तळघरात म्हातारी पाठ करून उभी असते. किल्ली उचलायची, खेळ खलास. लेक म्हणाली, मूळ मशीनवर ती चालते. कॅसेटमध्ये जागा पुरली नाही म्हणून उभी ठेवलीय. काहीतरीच! गेम तोच, डबा वेगळा. संकल्प : रोज तासभर सराव.

८ मार्च
सरावाला सुट्टी. डोळ्यांवर ताण.
बायको विचारत होती, रात्रभर पॅसेजमधला दिवा कशाला? म्हटलं, या वयात पाणी प्यायला उठावं लागतं. ती म्हणाली, उठलात कुठे, पाणी आणायला मलाच उठवलंत.

९ मार्च
बाजारात ‘काळं घर ५’ मिळाला! २, ३, ४ कुणी काढलेच नाहीत. मूळ कंपनीला याचाही पत्ता नसणार. यातली म्हातारी चालते. दुसऱ्याच कुठल्यातरी गेममधल्या हमालाला झगा चढवलाय, मिशी तशीच. डोक्यावर उडी मारली की मरते. म्हणजे चालणाऱ्या म्हातारीचाही बंदोबस्त झाला. आता भीती कसली? नव्हतीच म्हणा.

१० मार्च
छातीत धडधड. चहा कमी करायला हवा.
लेक जवळ येऊन बसली. म्हणाली, बाबा, हरलात तरी चालेल, पण थापा मारू नका. त्यांना खोटं अजिबात खपत नाही, आणि मला याच घरात जायचंय. हो म्हणालो.

११ मार्च, दुपार
भरदिवसा, व्याह्यांच्या हॉलमध्ये. तळघरापर्यंत झकास. म्हातारी पाठ करून उभी. मी किल्ली उचलली. ती वळली. तिला चेहरा होता! मशीनमधून श्वास ऐकू यायला लागला. डोक्यावर उडी मारली, तर तिनं मला हवेतच धरलं.
पुढचं आठवत नाही. भानावर आलो तेव्हा जिन्यात होतो, अनवाणी. व्याही माझ्याआधीच तिथे पोचलेले, तेही अनवाणी. म्हणाले, मशीन दुरुस्त केलं खरं, पण तळघर बघायची छाती होत नाही. तुम्ही खेळ सोडून का आलात? म्हटलं, तुम्हाला सावरायला. त्यांचे डोळे भरून आले.
लेक म्हणते, मी तिचा पाय तुडवून पळालो. पण तिकडे काही बोलली नाही.

१४ मार्च
लग्न पक्कं! हुश्श. व्याह्यांनी आनंदानं मशीनच भेट दिलंय. धीट माणसाच्या घरी शोभेल म्हणे. नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागेल.

१७ मार्च
मशीन आलं. पॅसेजमध्येच मावलं, बेडरूम आणि बाथरूमच्या मधोमध. प्लग मी स्वतः काढलाय. तरी बायको म्हणते, मधूनच श्वास ऐकू येतो. चेष्टा करतेय. करत असावी.
संकल्प : संध्याकाळनंतर पाणी पिणार नाही.