भुवया

शेपर्टन, रविवार

प्रिय आईस,

मी वेळेवर जेवतो, काळजी करू नकोस. तुझी चटई विणून झाली का?

मामा गुरुवारी घरी, आपल्या बेटावर टोंगाला पोचेल. त्याआधी हे तू माझ्याकडूनच ऐक. तो शेडमध्ये फळं वाहून नेणाऱ्या यंत्राच्या पट्ट्याखाली सफाई करत होता. गोऱ्या मुकादमाने लांबून मला विचारलं, "खाली कोणी आहे का?" मी घरच्यासारख्या भुवया उंचावल्या. आपल्याकडे ते 'हो'. त्याला ते कळलंच नाही. त्याने पट्टा चालू करायचं बटण दाबलं. मामाच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली.

जबाबात मी प्रत्येक अक्षर तपासून लिहिलं : मी तोंडाने बोललो नाही.

दवाखान्यात मामाला म्हणालो, "यापुढे भुवया हलवणारच नाही."

"येडा आहेस का?" तो म्हणाला. "आईसमोर खुशाल हलव. जिथं कळत नाही, तिथं तोंड उघड."

आता मी प्रत्येक गोष्टीला मोठ्याने 'हो' म्हणतो. सगळे हसतात.

चर्चमधली त्याची गिटार तो यायच्या आत नजरेआड ठेव.

तो तुला विचारेल, हेनेलीला माफ केलंस का. तोंडाने सांगणं जड गेलं, तर नुसत्या भुवया उंचाव. तो मला कळवेल.

तुझाच,
हेनेली