जादा गाड्यांच्या दिवशी वन्संना सुटी मिळण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
शहर बस आगार.

विषय : येत्या शनिवारच्या रॉक कार्यक्रमासाठी सुटी मिळणेबाबत (अर्ज दुसरा).
संदर्भ : पहिल्या अर्जावरील आपला लाल शाईतील शेरा, "कारण सबळ नाही."

महोदय,

वरील शेरा अर्जदाराने वाचला. पहिल्या अर्जात घाईघाईत "करमणुकीचा कार्यक्रम" एवढेच लिहिले गेले होते. करमणुकीला कोण सुटी देईल? सबब खरे कारण सविस्तर सादर करण्यात येत आहे.

१. अर्जदार ही आपल्या आगारात चालक असून तिची थोरली नणंद, म्हणजे वन्सं, तिच्याच गाडीवर वाहक आहेत. शनिवारी मैदानावर गाणाऱ्या गायकास चाहते लाडाने 'घोगऱ्या' म्हणतात. त्याचे केस गेले, गुडघे गेले, परंतु गिटार गळ्यात पडली की तो अजूनही कोणाला आवरत नाही असे ऐकिवात आहे. हा आपला शेवटचा दौरा, असे त्याने स्वतः जाहीर केले आहे. पतीने तीन तिकिटे काढली, आणि दुसऱ्याच दिवशी फलक लागला की कार्यक्रमाच्या गर्दीसाठी जादा गाड्या सोडायच्या असल्याने सर्वांच्या सुट्या रद्द. आता ज्यांनी घोगऱ्यावर जीव टाकला त्यांनीच इतरांना त्याच्या दारात सोडून बाहेर डास मारत बसायचे, हे काही बरे दिसत नाही साहेब.

२. कार्यक्रमाची बातमी कळली त्या दिवशी गाडीत जो प्रकार घडला तो अर्जदारास मान्य आहे. डबल बेल म्हणजे निघा, सिंगल बेल म्हणजे थांबा, हा नियम. परंतु वन्संच्या हातून आनंदाच्या भरात बेलवर घोगऱ्याच्या गाण्याचा ठेका वाजला. अर्जदाराने नियम पाळून प्रत्येक बेलला गाडी काढली आणि थांबवली. प्रवाशांना गचके बसले. कुंडी घेऊन उभ्या असलेल्या आजोबांची तक्रार आपल्यापर्यंत पोचली आहेच. कुंडी शाबूत आहे.

३. आता मूळ कारण. अर्जदार विशीत असताना घोगऱ्या या शहरात एकदा येऊन गेला. अर्जदार गर्दीत एकटी, पुढे माणसांची भिंत, काही म्हणता काही दिसेना. तिची कुरकुर ऐकून शेजारच्या एका धिप्पाड तरुणाने विचारले, "खांद्यावर बसता का?" विचार करण्याआधीच अर्जदार हो म्हणून बसली. वरून तिने सगळे पाहिले. घोगऱ्याच्या गिटारची तार तुटली, तरी गडी हसत हसत उरलेल्या तारांवर गाणे रेटून गेला. खांदेवाला तरुण म्हणजेच अर्जदाराचे पती. त्याच्या पलीकडे पिशव्या सांभाळत उभी असलेली त्याची ठेंगणी ताई म्हणजे वन्सं. "सख्खी बहीण शेजारी उभी, आणि हा परकीला उचलतोय," असे त्या आजही चारचौघांत सांगतात आणि घरभर हशा पिकतो.

४. पतीने शनिवारी पुन्हा तसेच उचलण्याचा चंग बांधला आहे. रोज सकाळी तो धान्याचे पोते खांद्यावर घेऊन उठाबशा काढतो. गेल्या आठवड्यात त्याने अर्जदारास स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत नेले, तेव्हा कपाट पडले की काय हे पाहायला खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. अर्जदाराचे वजन तेव्हाचे राहिलेले नाही, हे तो मान्यच करत नाही. दरम्यान, गाडी कार्यक्रमापुरती नादुरुस्त ठरवावी, किंवा सरळ मैदानात नेऊन टपावर बसण्याची परवानगी मागावी, असे दोन उपाय अर्जदारास सुचले होते. वन्संनी दोन्ही हाणून पाडले.

५. परवा डबा खाताना अर्जदाराने सहज विषय काढला की ती तार नेमकी कोणत्या गाण्यात तुटली. वन्सं भाकरी मोडत म्हणाल्या, "मला कुठे काय दिसलं गं? माझ्यापुढे एक चौकड्याचा शर्ट होता, सगळा वेळ तोच पाहिला." त्या हसल्या. अर्जदाराला हसू आले नाही. इतकी वर्षे वन्सं त्या कार्यक्रमाच्या ज्या गोष्टी रंगवून सांगत आल्या, त्या सगळ्या अर्जदाराच्याच तोंडून ऐकलेल्या होत्या.

६. जादा गाडीत चालक-वाहकांपैकी एकाने तरी थांबलेच पाहिजे, असा आपला नियम आहे. अर्जदार थांबेल. काचा खाली केल्या की बाहेरही पुष्कळ ऐकू येते. सुटी फक्त वन्संना द्यावी. या वेळी खांद्यावर ताई बसणार, असे पतीस सांगितले आहे. त्याने आधी तोंड पाडले, मग पोते थोडे रिकामे केले.

७. तिसरे तिकीट साहेबांस हवे असल्यास आनंदच आहे. ही लाच समजू नये.

८. हा अर्ज कृपया वन्संना दाखवू नये, आणि मंजुरी शनिवारी ऐन वेळी फलकावर लावावी. आधी कळले तर त्या "तूच जा" म्हणतील. अर्जदार एकदा नाही म्हणेल. त्यांनी पुन्हा म्हटले तर ती जाईल, साहेब.

आपल्या होकाराची वाट पाहणारी,
चालक, मार्ग क्रमांक ७
दिनांक : ११, सोमवार