बेलाच्या चिकाची धार

वैशाख शुद्ध २, फसली १३४८

आज सकाळी सोनपेठच्या अलीकडे, गोदाकाठच्या या खेड्यात गाडीतून उतरलो आणि आधी काय केलं, तर बायकोला, बसम्माला, हाताला धरून महादेवासमोर नेलं. गाभाऱ्याच्या गारव्यात ती किती महिन्यांनी हसली. सेलूच्या जिनिंगात आम्ही दोघांनी वीस वर्षं कापसाची धूळ खाल्ली. तिला खोकला मिळाला, मला पाठदुखी. इथं देवळाची झाडलोट करायची, बस्. खोली कोरडी आहे, अंगणातला बेल फळांनी लगडलाय. पंच चंद्रभान यांनी एकच ताकीद दिली, की वैशाखभर पिंडीवर टांगलेल्या गळतीतलं, त्या बुडाशी भोक असलेल्या भांड्यातलं, पाणी संपू द्यायचं नाही, धार खंडता कामा नये. मी लगेच मनात संकल्प केला: देवा, ही धार चालेल तोवर माझी बसम्मा राहो.

शुद्ध ७

भांडं तासा-दोन तासांत रिकामं होतं. घागरी वाहून थकलो. काल दुपारी डोळा लागला, गळती कोरडी पडली. खोलीत बघतो तर बसम्माचा श्वास अडकलेला, ओठ काळे. धावत जाऊन पाणी ओतलं, तेव्हा तिला श्वास आला.

आज पिकल्या बेलाच्या बियांभोवतीचा चीक पाण्यात कालवला. देवाचंच फळ, दोष कसला? आता थेंब पडतो, पण सुटत नाही. मागे तार सोडतो. तार बारीक होत जाते, तिच्यावर मणी ओवल्यासारखे थेंब उभे राहतात आणि सावकाश उतरतात. भांडं दिवसभर पुरलं. मी झोपलो.

शुद्ध १०

शेजारची भागुबाई शेळीचं दूध घेऊन आली. बसम्माकडे बघून म्हणाली, की अप्पा, हिचा श्वास निस्ता भाईर जायलाय, आत येईना की! काय पाजलं तुमी? मी हसण्यावारी नेलं.

मग मोजलं. तिचा एक श्वास सुटेतो माझा पंचाक्षरीचा जप एकशे आठ झाला.

शुद्ध १४

तीन दिवस भांड्यात काही घातलं नाही. तरी तार आहे. केसाहून बारीक. मणी पिंडीला टेकला की बसम्मा श्वास घेते. दूध गिळत नाही. अंग गार. डोळे उघडे— मरत नाही.

पौर्णिमा

आज मणीही नाही. नुसती तार.

बसम्मा बोलली. सोडा— वो— मला— एवढ्याला सकाळची दुपार झाली.

संकल्प माझा होता. तिला कुणी विचारलं होतं?

वद्य १

अंघोळ केली. गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा केली. तारेत बोट घातलं.

तुटली. वरचं टोक भांड्यात ओढलं गेलं, खालचं पिंडीवर थेंब होऊन बसलं. खोलीत आलो तेव्हा बसम्मानं श्वास पुरता सोडला. चेहरा निवांत.

बोट राखेनं घासलं. चीक जात नाही— बोटापासून एक तार, उंबऱ्यावरून, देवळाकडे—

उन्हं उतरली. सकाळी तिच्याबरोबर मी सोडलेला श्वास अजून बाहेर जातोच आहे. भागुबाईला हाक मारावी तर आधी हा—